आबांचा माठ आणि गंगाखेडची फेरी

मुलांना पर्यावरण तोंडाने शिकवता येत नाही, हे मला एका तक्त्यामुळे कळलं. मुलगी तेव्हा चौथीत होती आणि शाळेत 'पृथ्वी वाचवा' या विषयावर तक्ता करून न्यायचा होता. आम्ही जाड कार्डशीट आणली, थर्माकोलची अर्धगोल पृथ्वी आणली, चमकी आणली आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्याला वरून प्लास्टिक लावलं. तक्त्याचं शाळेत कौतुक झालं. परीक्षा संपल्यावर तो घरी आला, थोडे दिवस कपाटामागे राहिला आणि मग कचऱ्याच्या गाडीकडे निघाला. गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "ओला का सुका?" मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तक्त्याकडे पाहिलं.

मी याद्या करणारी बाई आहे. ऑफिसात आवक-जावक सांभाळते, तीच सवय घरी येते. कपाटाच्या दाराला आतून माझी यादी चिकटवलेली असते आणि घरातले सगळे तिला थोडंसं घाबरून असतात. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नवी यादी केली. अट एकच ठेवली: जे काम मुलांच्या हाताने होणार नाही ते यादीत घ्यायचं नाही. 'जाणीव निर्माण करणे' वगैरे काही नाही. जाणीव आली तर आपल्या पायाने येईल.

सुरुवात पाण्यापासून केली. परभणीत नळ रोज येत नाही. येतो तेव्हा गल्लीत धांदल उडते, आणि त्या धांदलीतलं पहिलं काम म्हणजे शिळं पाणी ओतून देणं. पिंपात, टाकीत, घागरीत जे काही आधीचं उरलेलं असतं ते कितीही स्वच्छ असलं तरी नवं पाणी येतंय म्हटल्यावर शिळं ठरतं आणि नालीत जातं. जे पाणी आदल्या संध्याकाळपर्यंत आपण तांब्या-तांब्याने पुरवून वापरलेलं असतं, तेच. हे काम मी मुलाकडे दिलं. तो आठवीत जाणार होता आणि त्याला बादल्या उचलायला आवडायच्या, अभ्यास नको म्हणून का होईना. नळ आला की आधीचं पाणी अगोदर कूलरमध्ये, मग कुंड्यांना, उरलं तर अंगणात सडा, आणि पिंप विसळायला शेवटचा तांब्या. समोरच्या काकू फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "काय रे, शिळं पाणी घालायलास का कूलरला?" तो म्हणाला, "काकू, कूलरला चव कळत न्हाई." पुढे नळाच्या दिवशी काकूंच्या कुंड्याही ओल्या दिसायला लागल्या. त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.

पिशव्यांचं काम मुलीकडे होतं. नवऱ्याचे जुने शर्ट कापून तिने हाताने पिशव्या शिवल्या, खिसा बाहेरच्या बाजूला ठेवून. शिलाई वाकडी होती पण खिसा कामाचा निघाला. त्यात सामानाची चिठ्ठी बसायची. पिशव्या शिवणं सोपं असतं, बाजारात जाताना त्या आठवणं अवघड. म्हणून त्या आम्ही बाहेरच्या दाराच्या कडीलाच अडकवल्या. कडी काढायची तर पिशवी हातात घ्यावीच लागते.

तिसरं काम खताच्या बादलीचं. रंगाची रिकामी बादली, तापवलेल्या सळईने पाडलेली भोकं, तळाला कडुनिंबाचा वाळका पाला आणि वर भाजीचा कचरा. सुरुवातीला वास मारला, मग मुंग्या झाल्या, मग मुलाने पाला वाढवला आणि ती रांगेला लागली. आठवड्यातून एकदा बादली हलवायची पाळी दोघांत वाटलेली होती आणि त्यावरून भांडणंही व्यवस्थित होत होती.

इथपर्यंत यादी सरळ चालली. अडली ती आबांपाशी.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळी हयात परभणीत पौरोहित्य केलं. आता गुडघ्यांमुळे बाहेरची कामं सोडली आहेत, पण घरची पूजा रोज साग्रसंगीत असते. जास्वंद, तगर, कण्हेर, बेल, दूर्वा, तुळस, वर बाजारचा हार. दुसऱ्या दिवशी हे सगळं निर्माल्य होतं, आणि निर्माल्य पायदळी पडता कामा नये हा आबांचा नियम. म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला एक कॅरीबॅग असायची. महिनाभर त्यात निर्माल्य साठायचं आणि पौर्णिमेला आबा सकाळच्या पॅसेंजरने ती पिशवी घेऊन गंगाखेडला जायचे, गोदावरीत सोडायला. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात.

गंगाखेडला अक्का राहतात. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. वय ऐंशीकडे झुकलेलं, जीभ विशीतली. आबा पिशवी सोडायचे, घाटावर हातपाय धुवायचे, आणि मग दिवसभर अक्कांच्या ओसरीवर बसायचे. दोघं काय बोलतात ते कोणाला कळत नाही, कारण निम्मा वेळ भांडतात आणि निम्मा वेळ पेंगतात. संध्याकाळच्या गाडीने परत आलेले आबा पुढचे चार दिवस सगळ्यांशी गोड बोलायचे. निर्माल्य हे निमित्त आहे आणि अक्का हे काम आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आबांच्या पिढीत बहिणीच्या सासरी दर महिन्याला उगीच जाऊन बसणं शोभत नाही. आणि आबांना स्वतःसाठी काही मागता येत नाही. देवाचं काम असलं की मात्र नवराही गप्प बसायचा, एरवी त्याला वडिलांनी त्या गुडघ्यांनी गाडीत चढणं मुळीच पसंत नव्हतं.

त्या सुट्टीत, मे महिन्यात, आबांनी मुलीलाही बरोबर नेलं. ऊन फार होतं. घाटाच्या पायऱ्या उतरणं टाळावं म्हणून त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, पूल आला की खिडकीतून सोड. पूल आला. तिने पिशवी सोडली. पण नदी आटलेली होती, पाणी एका कडेने वाहत होतं आणि पिशवी पडली ती कोरड्या वाळूत, तिच्यासारख्याच आणखी पुष्कळ पिशव्यांच्या शेजारी. संध्याकाळी दोघं घाटावर टेकले तर एक शेळी तसल्याच एका पिशवीतून झेंडूचा हार ओढून खात होती आणि पिशवी पायाखाली तुडवत होती.

घरी आल्यावर मुलीने सगळं मला सविस्तर सांगितलं, आबांच्या देखत. शेवटी त्यांनाच विचारलं, "आबा, शेळीचे पाय चालतात का?"

आबा पूजेचं सामान पुसत बसले.

मी अर्थातच लगेच योजना मांडली. मागच्या वर्षीचा माठ पाझरायचा बंद झाला होता, पाणी गार होत नव्हतं, म्हणून कोपऱ्यात पडून होता. देवासाठी वेगळं खत त्या माठात करू. स्वयंपाकघरातलं काही त्यात जाणार नाही, झालेलं खत देवाच्याच फुलझाडांना जाईल, आणि पायदळी पडायचा प्रश्नच नाही. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हरकत घेण्यासारखं काही सापडत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी निवाडा दिला: बेल, दूर्वा, तुळस माठात, फुलं गंगेत.

पानं घरात आणि फुलं गंगाखेडला असा फरक कोणत्या शास्त्रात आहे, हे विचारायला नवऱ्याने तोंड उघडलं होतं. मी त्याला दळण आणायला पाठवलं. निदान पिशवी कापडी झाली आणि ती घाटावर रिकामी करून परत आणायची, एवढं आबांनी कबूल केलं.

माठ चालू झाला. मुलगी रोज पूजेनंतर आबांपुढे बसायची आणि दोघं निर्माल्य निवडायची: उदबत्तीच्या काड्या बाजूला, हाराचा नायलॉनचा दोरा बाजूला, सोनेरी कागद बाजूला. पहिल्या आठवड्यातच आबांनी बाजारचा हार बंद केला आणि घरच्या दोऱ्यात तगरी ओवायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोरा आणि कागद रोज आपल्याच हाताने वेगळा काढून ठेवला की माणूस आपोआप कंटाळतो.

मग आली कांदेनवमी. चातुर्मास सुरू झाला की आमच्याकडे कांदा-लसूण बंद, त्यामुळे आषाढातल्या त्या नवमीला सगळी भूक एकदम भागवून घ्यायची असते. भजी, थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी, झुणका. दिवसभर घरात कांदा चिरला गेला. सालींनी बादली गच्च भरली आणि तरी परातीत ढीग उरलाच. बादली सांभाळणारा आमचा मुलगा. त्याला मित्रांबरोबर क्रिकेटला जायचं होतं. त्याने उरलेल्या साली सरळ माठात लोटल्या, वर झाकण ठेवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आबा बेलाची पानं टाकायला गेले आणि झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "माठ बाटला." त्या दिवसापासून पानंही कापडी पिशवीत जायला लागली. मुलगा आठवडाभर आबांच्या पुढे-मागे करत होता, त्यांच्या चपला जागेवर ठेवत होता, न सांगता पाणी आणून देत होता. माठाजवळ मात्र कोणी जाईना. माझ्या यादीत त्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं आणि ऑफिसला गेले.

मार्ग मुलीने काढला, आणि तेही ताम्हण घासता घासता. आबा पूजेची तांब्याची भांडी बाजारच्या पावडरीने घासू देत नाहीत. त्यांच्याकडे डब्यात शेतातली चाळलेली माती असते. चिंच आणि माती. तांबं झळझळीत होतं आणि शुद्धही होतं. मी भाजी निवडत होते, दोघं नळापाशी बसली होती.

"आबा, ही माती कशाची असते?"

"शेतातली."

"म्हणजे त्यात काय काय असतं?"

"काय असायचं? शेण, पाला, धसकटं. मेलेले किडे-मुंग्या."

"शेतात कांदा असंल तर?"

आबांचा हात थांबला. "असंल की."

"मग ताम्हण बाटत न्हाई?"

आबांनी ताम्हण विसळून उपडं ठेवलं. मग आबा म्हणाले, "आधी त्याची माती तर होऊ दे. झाली की बघू."

हे एक वाक्य मुलांना पुरलं. दोघांनी माठ असा जपला की मला माझ्या याद्यांची लाज वाटावी. मुलगा त्यात वाळका पाला घालायचा, मुलगी पाणी शिंपडायची, आणि दोघं मिळून काठीने हलवायची. रोज वास घेऊन बघायची. श्रावणभर साली ओळखू येत होत्या. भाद्रपदात येईनाशा झाल्या. आमचा पाच दिवसांचा गणपती उठल्यावर दुसऱ्या दिवशी आबा आपण होऊन माठापाशी गेले, बाही वर सारली आणि हात आत घातला. ओंजळभर काळी, मोकळी माती वर काढली, नाकाशी नेली, बोटांत चुरली. त्यांनी ती जास्वंदीच्या बुडाशी घातली आणि हात धुतले, पण आंघोळीला गेले नाहीत. आमच्या घरात एवढा निकाल पुरेसा असतो.

दुसऱ्या दिवशी गणपतीची सगळी फुलं त्यांनी माठात टाकली. मुलगा म्हणाला, "आबा, ही तर फुलं हायत." आबा म्हणाले, "पान जिरतं तिथं फूल न जिरायला काय झालं?" आणि दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी काढून त्यांनी धुवायला टाकली.

मुलं नाचली. मी यादीतल्या ओळीवर बरोबरची खूण केली. आणि खूण करतानाच माझ्या लक्षात आलं की आबांनी आपल्याच हाताने आपली गंगाखेडची फेरी बंद केली होती.

पौर्णिमा आली. सकाळी आबा नेहमीच्या वेळी उठले, पूजा केली, इस्त्रीचं धोतर नेसले. मग गॅलरीत पेपर घेऊन बसले. पॅसेंजरची वेळ झाली तसं त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पेपराचं पान उलटलं. थोड्या वेळाने आत गेले आणि घरातलं धोतर नेसून बाहेर आले. मी म्हटलं, अक्कांना भेटून तरी या. तर म्हणाले, काही काम नाही, उगीच कशाला. नवरा म्हणाला, बरंच झालं, गुडघ्यांना आराम. त्याचं काही चुकत नव्हतं, पण मला त्याला पुन्हा दळणाला पाठवावंसं वाटलं.

व्यवस्था लावणं हा माझा धर्म. ऑफिसात बसून मी तीन-चार निमित्तं तयार केली: अक्कांना औषध पोचवायचंय, अक्कांची साडी फॉल लावून द्यायचीय. सगळी खोटी वाटत होती आणि आबांना खोटं कळतं. त्यांना खरंच काम हवं होतं. संध्याकाळी घरी आले तेव्हा फोन वाजत होता. मुलीने तो उचलून स्पीकरवर टाकला. अक्का होत्या.

"बाळ हाय का तिथं?" आमच्या आबांना बाळ म्हणणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलंय.

"आहे, बोल."

"पौर्णिमा झाली ना आज? का पंचांग बदललंस?"

आबांनी सगळं सांगितलं. माठ, पानं, फुलं, माती. आता गंगेवर आणण्यासारखं काही राहत नाही, असं म्हणाले.

"बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "घाटावर लय घाण करायलेत लोकं. तुमच्या देवाची सोय झाली. आन् माझ्या देवाची?"

"म्हणजे?"

"मला आता पायऱ्या उतरवत न्हाईत. सून सकाळी शाळेवर जाती. मागल्या महिन्यापासनं पिशवी देवघरातच पडून हाय, आता तर तिला वास यायलाय. तू यायचास तेव्हा तुझ्यासंगट न्यायला सांगणार होते. आता तुला कामच न्हाई म्हणल्यावर कुणाला सांगू?"

आबा ताठ बसले. "पिशवी गंगेत टाकायची नाही," ते म्हणाले. "कुणाच्या हाती देऊ नको. मी उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी आणि मुलगीही बरोबर निघालो. मुलाने जाऊन अक्कांसाठी नवा माठ आणला होता. आबांनी त्यात आमच्या माठातलं थोडं तयार खत घातलं, दह्याला विरजण घालतात तसं, आणि तोंडाला पांढरं फडकं बांधलं. पॅसेंजरमध्ये ते माठ मांडीवर धरून बसले. समोर एक शेतकरीण बसली होती. ती त्या फडक्याकडे बघत होती, मग आबांच्या धोतराकडे, मग माझ्याकडे. पोखर्णी स्टेशन गेल्यावर तिने पदर सावरला, माठाला हात जोडले आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोन गेलं ओ, बाई?"

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "कोणी गेलं नाही. खत आहे."

ती जरा मागे सरकली. मग पुढच्या स्टेशनापर्यंत आबांनी तिला निर्माल्य कसं निवडायचं, दोरा का काढायचा, हे सगळं समजावून सांगितलं. पूल आला तेव्हा आबा बोलत होते. मुलगी खिडकीला नाक लावून बघत होती; पावसाने नदी भरून वाहत होती.

अक्कांच्या मागच्या अंगणात, तुळशीजवळ सावलीची जागा बघून आबांनी माठ बसवला. अक्का खुर्ची टाकून देखरेख करत होत्या. त्यांच्या देवघरातली पिशवी मुलीने तिथेच ओतून निवडली आणि निवडताना नाक मुरडलं म्हणून अक्कांची बोलणीही खाल्ली. सगळं झाल्यावर आबांनी हलवायची काठी अक्कांना दाखवली.

"मला वाकवत न्हाई," अक्का म्हणाल्या.

त्यांची सून शाळेत शिक्षिका आहे, उत्साही आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्ही काळजी करू नका, मी हलवत जाईन."

"तू तुझी शाळा हलव," अक्का म्हणाल्या. "ज्यानं मांडलंय त्यानंच बघावं. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

सून माझ्याकडे बघून हसली आणि चहा ठेवायला आत गेली. दुपारभर दोघं भावंडं ओसरीवर होती. आधी माठाच्या जागेवरून भांडली, मग कोणत्या तरी जुन्या लग्नातल्या जिलेबीवरून, आणि मग पेंगली. निघायच्या वेळी आबा परत एकदा अंगणात जाऊन माठ बघून आले.

अक्का दारापर्यंत आल्या. "पौर्णिमेला ये," त्या म्हणाल्या. "उशीर केलास तर माझं सगळं कुजून जाईल."

"कुजायलाच ठेवलंय, अक्का," आबा म्हणाले, आणि गाडी चुकेल म्हणून आम्हालाच घाई करत पुढे चालायला लागले.